तेरा मिनिटांसाठी

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचे नाव जगभर गेले. लोणी ते माना या पट्ट्यात 75 किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत पूर्ण झाले आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या वाटेने वर्षानुवर्षे खड्डे चुकवत जाणाऱ्या वऱ्हाडी माणसाला या रस्त्याचे अप्रूप वाटले, ते साहजिकच होते. मात्र रस्ता गुळगुळीत झाला की नवा प्रश्न उभा राहतो. पूर्वी खड्डेच गाडीचा वेग रोखून धरत. आता ते काम चालकाने स्वतः करायचे आहे.

चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी ताशी 100 आणि द्रुतगती मार्गावर 120 किलोमीटर हा कमाल वेग केंद्र सरकारने 2018 मध्ये ठरवला. मालवाहू वाहने आणि दुचाकींसाठी तो 80 आहे. ‘कमाल’ या शब्दाचा अर्थ ‘याच्या वर नाही’ असा आहे. प्रत्यक्षात अनेक चालक तो ‘इतके तर चालवायलाच हवे’ असा लावतात.

80 आणि 100 मध्ये फरक तो काय, असे वाटते. साधे गणित मांडून पाहावे. समोर अचानक काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरच्या मोटारीला 80 च्या वेगातून थांबायला हा दीड सेकंद धरून सुमारे 70 मीटर लागतात. 100 च्या वेगातून थांबायला जवळपास 97 मीटर लागतात. म्हणजेच 80 ने येणारी गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच ठिकाणी 100 ने येणारी गाडी अजून ताशी 70 च्या वेगाने धावत असते. तिथे बैलबंडी उभी असेल, तर एका गाडीतले लोक दचकतील आणि दुसरीतले कदाचित परत येणार नाहीत. रस्ता ओला असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

या धोक्याच्या बदल्यात मिळते काय? 90 किलोमीटरचे अंतर 80 ने गेल्यास साडेसदुसष्ट मिनिटांत आणि 100 ने गेल्यास 54 मिनिटांत कापले जाते. वाचतात ती साडेतेरा मिनिटे. तीही वाटेत एकदाही वेग कमी करावा लागला नाही तरच.

धडकेत शरीराचे काय होते, हे अपघात विभागातले डॉक्टर रोज पाहतात. गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जातो. पट्ट्याने शरीर थांबले, तरी आतले अवयव पुढे रेटले जातात. मेंदू कवटीवर आपटतो. यकृत आणि प्लीहा फाटतात. हृदयातून निघणारी महाधमनी फाटली, तर रुग्णालय गाठण्याइतकाही वेळ उरत नाही. वेग सव्वापट झाला की धडकेतली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. गाड्या दरवर्षी सुधारतात, पण माणसाची हाडे आणि रक्तवाहिन्या पूर्वी होत्या तशाच आहेत. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

केंद्राच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मरण पावली. त्यातले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाशी जोडलेले होते. मेलेल्यांत 44 टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवरचे होते. महाराष्ट्रात त्या वर्षी 15,224 जणांचा जीव गेला. समृद्धी महामार्गावर 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. ही आठवण विदर्भाच्या मनातून अजून पुसलेली नाही.

समृद्धीवर दुचाकी आणि बैलबंडीला प्रवेश नाही. अमरावती-अकोला मार्ग मात्र गावांच्या मधून जातो. वावरातून परतणारी माणसे तो ओलांडतात. हंगामात कापसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय चालते. ढाब्यासमोरच्या दुभाजकातला ‘कट’ जवळ पडतो म्हणून दुचाकीस्वार राँग साइडने येतो. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे गेला की कमी हवेचे, झिजलेले टायर तापून फुटतात. इथे सरसकट एकच वेगमर्यादा पुरेशी ठरत नाही.

राज्य सरकारला एखाद्या रस्त्यासाठी कमी वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. गावाजवळ आणि शाळेजवळ तो वापरला पाहिजे. नुसत्या फलकाने भागत नाही. एका ठिकाणचा कॅमेरा दिसला की चालक तेवढ्यापुरता ब्रेक दाबतो. दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजला, तर ही पळवाट बंद होते. अनधिकृत कट बुजवताना मात्र गावकऱ्यांना सेवा रस्ता आणि भुयारी मार्ग द्यायला हवा. नाहीतर लोक आठवडाभरात नवा कट पाडतील. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 मृत्यू झाले होते. धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवणे, गस्त आणि रुग्णवाहिका यांवर सातत्याने काम झाले आणि 2019 पर्यंत हा आकडा शंभराच्या खाली आला. म्हणजे हे करता येते.

तोवर चालकाच्या हातात जे आहे, ते त्याने करावे. मागच्या सीटवरही पट्टा लावावा, दुचाकीवर हेल्मेट घालावे, डुलकी येऊ लागताच गाडी बाजूला घ्यावी आणि ट्रॉलीला परावर्तक पट्टी लावावी. अपघात दिसला तर 108 किंवा महामार्गाच्या 1033 वर फोन करावा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

रस्ता किती तासांत झाला, याची नोंद जगाने घेतली आहे. त्या रस्त्यावरून दरवर्षी किती जण सुखरूप घरी पोहोचत नाहीत, याची नोंद दोन्ही जिल्ह्यांनी ठेवावी आणि ती दर महिन्याला जाहीर करावी.