चाल काढून घेतल्यावर

ख्रिस्ती परंपरा म्हणजे ग्रंथपरंपरा आणि गाणे म्हणजे तिच्यावरची वेलबुट्टी, हे आपल्याकडच्या अभ्यासकांचे लाडके गृहीतक. भामरागडला माडियांचा रेला एकदा जरी ऐकला असेल, तर ते पटू नये. तिथे ओळ टाकणारे असतात, ती उचलणारे असतात. एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात सुधारते. पोथी नसली म्हणून स्मृती नसते असे नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या याहून वेगळ्या नव्हत्या. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातील दुसऱ्या अध्यायाच्या ६ ते ११ या ओळी पत्राआधीपासून गाइल्या जाणारे स्तोत्र असावे, असे अनेक विद्वान मानतात. म्हणजे शुभवर्तमाने लिहून होण्यापूर्वीच श्रद्धा गळ्यात बसली होती. इ. स. ११२च्या सुमारास धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो, की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. 'आळीपाळीने' हा शब्द आपले पंडित वाचतात आणि पुढे जातात! चौथ्या शतकात सीरियातल्या एफ्रेमने बार्दैसानच्या मतांशी झुंज दिली तीही गीतांनीच. कारण ती मते पसरली होती गाण्यांतूनच. गाण्यातून पाखंडही टिकते, हे खरे. पण मग ते वाहन दुबळे कसे?

आता घरचे पाहू. फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या. पुढे १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच हुकूम काढला. तरी १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणांना संपादनासाठी हस्तलिखिते मिळाली. का मिळाली? माझ्या मते, देवळांत आणि घरांत ते म्हटले जात होते, म्हणून नकलून ठेवावे लागत होते. छापखाना हरला, ओवी तगली.

आणि आपण काय केले? मराठीच्या स्तुतीच्या चार ओव्या पाठ्यपुस्तकापुरत्या काढून घेतल्या आणि बाकीचे पुराण भाषेचा नमुना म्हणून कपाटात ठेवले. ना. वा. टिळकांचेही तेच: 'फुलामुलांचे कवी' म्हणून ते वर्गात आले, आणि त्यांची भजने मंडळीतच राहिली. तिथे ती टाळांवर म्हटली जातात, याची वाङ्मयेतिहासाला दखल घ्यावीशी वाटत नाही. (कीर्तनाला इतिहासात जागा आहे, ख्रिस्ती कीर्तनाला बहुधा तळटीप.)

उद्या कुणी रेलाचा संग्रह काढील. त्यात शब्द असतील, अर्थ असतील, प्रस्तावनाही असेल. ओळ कोणी टाकली आणि कोणी उचलली, एवढे तरी त्यात असू द्यावे; ख्रिस्तपुराणाच्या बाबतीत ते विचारायला आपण फार उशिरा पोचलो.