सही शिकली, पुढे काय?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पण अक्षरांशी पहिली ओळख केली ती माझ्या आजीने. १९९०च्या दशकात गावात साक्षरतेचा रात्रवर्ग निघाला. दिवसभर रानात राबून ती तिथे जायची. सही करायला शिकली. पुढे वर्ग बंद पडला. घरात वाचायला काही नव्हते, लिहायला निमित्त नव्हते. आज बँकेत ती पुन्हा अंगठाच उठवते.

यंदा समाजशास्त्राच्या तासाला सरांनी जपानमधील ‘कोमिनकान’ची माहिती सांगितली आणि मला आजी आठवली. कोमिनकान म्हणजे नागरिकांचे सभागृह. युद्धात होरपळलेल्या जपानमध्ये १९४६ साली सरकारने ही कल्पना गावोगाव कळवली आणि १९४९च्या सामाजिक शिक्षण कायद्याने तिला आधार दिला. जपानी जनता तर तेव्हा बहुतांशी साक्षर होती! मग ही केंद्रे कशासाठी? शेती, आरोग्य, स्वयंपाक, गाणे, गावचा कारभार, यांविषयी मोठ्या माणसांनी एकत्र बसून शिकत राहावे यासाठी. आपण जिथे थांबलो, तिथून त्यांनी सुरुवात केली.

१९९८ पासून युनेस्कोने आशियातील अनेक देशांत अशा सामुदायिक अध्ययन केंद्रांना चालना दिली. २०१४ साली जपानमधील ओकायामा शहरी देशोदेशींचे कार्यकर्ते या विषयावर परिषदेसाठी जमले. अशी देवाणघेवाण व्हायलाच हवी. आपल्याजवळही सांगण्यासारखे आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत निरक्षरांना शिकवण्याची जबाबदारी गावांनीच उचलली होती.

मग घ्यायचे काय? कोणी म्हणेल, इमारतींना पैसा कुठला? पण सुरुवातीला कित्येक कोमिनकानांना इमारतच नव्हती. त्यांना ‘निळ्या आभाळाची कोमिनकान’ म्हणत. आमच्या गावात तर समाजमंदिर उभे आहे. दाराला कुलूप, आत लग्नाची भांडी आणि मांडवाचे बांबू. आपल्याला इमारत आणायची नाही. मोहीम संपल्यावरही शिकणे चालू ठेवण्याची रीत आणायची आहे, आणि काय शिकायचे हे शिकणाऱ्यालाच विचारायचे आहे.

परवा मी आजीला विचारले, “तुला काय शिकायचंय?” ती म्हणाली, “पासबुकात किती जमा झालं, ते माझं मला वाचता आलं पाहिजे.” इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

मित्रहो, मे महिन्याच्या सुट्टीत मी सरपंचांकडे समाजमंदिराची किल्ली मागणार आहे. तुमच्या गावची किल्ली कोणाकडे आहे?