आधी हिरवी वाट आखा

दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांत गिअरच्या सायकली घेऊन जाणारे भिलाईकर गेल्या काही हिवाळ्यांत चांगलेच वाढले आहेत. मला याचा फार आनंद आहे आणि तितकीच काळजीही वाटते. काळजी याची की, तिथली कुठली वाट कोणाला झेपेल हे कुठेच लिहिलेलं नाही. सातवीतली मुलगी, चाळिशीत पहिल्यांदा गिअरची सायकल घेतलेली बाई आणि वर्षानुवर्षं उतार कापणारा तरबेज गडी, तिघांनाही एकाच लाल रस्त्यावर सोडलं जातं. मी शाळेत गणित शिकवते आणि रविवारी मुलांना, त्यांच्या आयांना सायकलवर बाहेर नेते. माझं म्हणणं साधं आहे. छत्तीसगडच्या या भागात डोंगरी सायकलवाटा व्हायच्या असतील, आणि त्या व्हायलाच हव्यात, तर सुरुवात सगळ्यात सोप्या वाटेपासून झाली पाहिजे.

भिलाई महाराष्ट्राला तशी परकी नाही. नागपूरहून हावड्याच्या लोहमार्गावर अडीचशे किलोमीटर आलं की दुर्ग, आणि दुर्गाला लागूनच भिलाई. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली, आणि त्यानंतरच्या दशकात विदर्भातली कितीतरी घरं इथल्या सेक्टरांमध्ये येऊन राहिली. माझे वडील अमरावतीहून आले ते त्याच लाटेत. शिफ्ट सुटली की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, रस्ता ओलांडायला आम्हा पोरांना थांबून राहावं लागायचं. टाउनशिपचे रस्ते रुंद, सावलीचे आणि सपाट. या शहराला सायकलचं वावडं कधीच नव्हतं. डोंगराची सवय मात्र नाही, कारण डोंगर दक्षिणेला बालोद जिल्ह्यात, दल्ली-राजहरा या खाणींच्या गावी. कारखान्याचं लोहखनिज सुरुवातीपासून तिथूनच येत आलं आहे.

सायकलवाटेचा विचार मातीपासून करायला हवा. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीच्या चार जाती सांगतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. कन्हार म्हणजे आपली काळी चिकण. पावसात ती टायर आणि चिमट्याच्या मध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरणं बंद होतं, आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत पुढचं चाक अडकतं. भाठा म्हणजे मुरमाड, लाल, उंचवट्यावरची जमीन. तिच्यात धान धड पिकत नाही, म्हणून ती पडीक राहते. पण पाणी तिच्यातून झरझर निघून जातं, आणि पाऊस थांबल्यावर लवकरच ती सायकल चालवण्याजोगी होते. शेतकऱ्याच्या लेखी सगळ्यात कमी किमतीची ही जमीन सायकलवाटेसाठी सगळ्यात चांगली. एकच मेख आहे. उतारावर मुरमाचे हरभऱ्याएवढे गोल खडे सुटे होऊन पसरतात आणि टायरखाली फिरतात.

गेल्या हिवाळ्यात एक अपघात झाला, तो याच खड्यांमुळे. एका आयोजकाने डोंगरातली राइड ठेवली होती, जाहिरातीत ‘सर्वांसाठी सोपी’ असं छापलं होतं. आमच्यातली एक मुलगी आईबरोबर गेली. पहिले काही किलोमीटर सपाट होते, पोरगी खुशीत होती. मग जंगलातल्या एका वळणानंतर रस्ता एकदम खाली सुटला. पुढचं काही दिसत नव्हतं. घाबरून तिने पुढचा ब्रेक आवळला, चाक खड्यांवरून घसरलं आणि ती खांद्यावर आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात तिच्या आईने मला विचारलं, ‘‘ताई, सोपी म्हणाले होते ना?’’ मुलगी बरी झाली, पण सायकलला अजून हात लावत नाही. तो उतार वाईट होता असं मी म्हणणार नाही. सरावाच्या माणसाला तो नक्कीच आवडेल. पण त्याच्या तोंडाशी ‘अवघड’ सांगणारी एक काळी खूण असती, तर त्या मायलेकी तिथूनच मागे फिरल्या असत्या.

ही खूण काही नव्याने शोधायला नको. जगभर बर्फावरच्या उतारांची रंगपद्धत सायकलवाटांसाठी उचलली गेली आहे. अमेरिकेत 1988 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने तिची मापं ठरवून दिली. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी वाट: साधारण तीन फूट रुंद, घट्ट जमीन, सरासरी चढ-उतार शंभर मीटरला पाच मीटरच्या आत, आणि चुकवता न येणारा दगड किंवा मूळ दोन इंचांपेक्षा उंच नाही. निळा चौकोन म्हणजे मध्यम: रुंदी दोन फुटांवर येते, उतार दहापर्यंत जातो, अडथळा आठ इंचांपर्यंत. काळा हिरा म्हणजे अवघड: फूटभर रुंदीची वाट, पंधरापर्यंत उतार, पंधरा इंचांचे दगड. त्याही पुढे दोन काळे हिरे. यातली प्रत्येक गोष्ट टेपने आणि साध्या उतारमापीने मोजता येते. भिलाईच्या रेल मिलमधून 130 मीटर लांबीचा अखंड रूळ बाहेर पडतो. एवढ्या बारीक मापाची सवय असलेल्या गावाला तीन फुटांची वाट मोजणं जड जाणार नाही.

मापांइतकंच महत्त्व मांडणीला आहे. अवघड वाट आखताना जाणकार तिची कठीण जागा मुद्दाम सुरुवातीलाच ठेवतात. म्हणजे ज्याला ती झेपणार नाही तो पन्नास पावलांवरच ओळखतो आणि सुखरूप परततो. आमच्याकडे घडलं ते नेमकं उलटं, आधी सपाटी आणि मग वळणाआडचा उतार. पाण्याचाही असाच नियम आहे. टेकडीवरून सरळ खाली उतरणारी वाट दोन पावसाळ्यांत ओहोळ बनते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर जवळपास सगळा पाऊस पडून जातो. म्हणून वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही. ती आडवी, नागमोडी न्यायची, दरीकडे किंचित कललेली ठेवायची आणि मध्येमध्ये तिला थोडं वर चढवायचं, म्हणजे तिथे पाणी वाट सोडून खाली जातं. चांगली आखलेली वाट चालवताना हे लहानसे चढ पायांना सुखच देतात.

लोखंडाच्या डोंगरात हे सगळं कसं जमतं ते पाहायचं असेल तर अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं कुयुना पाहावं. क्रॉस्बी आणि आयर्नटन या गावांभोवतीच्या लोहखाणी बंद पडल्या, खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली, मातीच्या ढिगांवर झाडं उगवली. 1993 मध्ये राज्याने तो भाग सार्वजनिक विहारासाठी राखून ठेवला आणि 2011 मध्ये तिथे सुमारे 40 किलोमीटरच्या सायकलवाटा खुल्या झाल्या, हिरव्यापासून काळ्यापर्यंत. तिथली माती दल्लीसारखीच लाल. टास्मानियातलं डर्बी हे कथिलाच्या खाणीचं ओस पडत चाललेलं गाव. 2015 मध्ये तिथे वाटा सुरू झाल्या आणि दोन वर्षांत जागतिक एन्ड्युरो मालिकेची शर्यत त्या गावात पोचली. महाराष्ट्रात वेस्टर्न कोलफील्ड्सने सावनेरजवळ 2016 मध्ये खाण-पर्यटन सुरू केलं आहे. खाणीच्या जमिनीवर लोकांना हौसेने बोलावता येतं, एवढं त्यातून दिसतं.

आमच्याकडे यासाठी दोन जागा आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. एक नंदिनी. भिलाईच्या उत्तरेची ही कारखान्याची चुनखडीची खाण. तिच्या वापरून झालेल्या भागात अलीकडे मोठ्या प्रमाणावर झाडं लावली गेली आहेत. जमीन जवळपास सपाट आहे, आणि शहरातून सायकलनेच जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. हिरव्या वाटेला याहून चांगली जागा मला दिसत नाही. पाण्याने भरलेल्या खड्ड्यांपासून वाट पुरेशी दूर ठेवायची आणि काठांना कुंपण घालायचं, यात मात्र हयगय चालणार नाही. दुसरी जागा दल्ली-राजहरा. दुर्गहून तिथे गाडी जाते. निळ्या आणि काळ्या वाटा तिथे, कारण उंची तिथे आहे. तिथलं खनिज संपत चाललं असून कारखान्याची भिस्त आता रावघाटच्या लोहखाणीवर येते आहे. 2003 पासून आपल्या देशात खाण बंद करण्याचा आराखडा देणं खाणचालकाला सक्तीचं आहे. जमीन सावरायची, झाडं लावायची, कडे सुरक्षित करायचे हे त्यात येतंच. त्याच कागदावर सायकलवाटेची रेघ ओढायला वेगळा कायदा नको, इच्छा हवी.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. डोंगरातली पायवाट रिकामी नसते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बाया टोपल्या घेऊन मोहाची फुलं वेचायला निघतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याचं काम असतं. मोहाच्या दिवसांत अस्वलंही त्याच झाडांखाली येतात. उतारावरून वेगाने येणाऱ्या सायकलस्वाराला वाकून फुलं वेचणारी बाई शेवटच्या क्षणी दिसते, आणि तिला तर तो दिसतच नाही. म्हणून गावाच्या वापरातल्या वाटेला सायकलवाट करायचं नाही, वेगळी खोदायची. मोहाच्या मोसमात पहाटे ती बंद ठेवायची. आणि आखणीच्या पहिल्या दिवशी गावातल्या वयस्क बायांना सोबत घ्यायचं, कारण पाणी कुठून वाहतं आणि अस्वल कुठे बसतं हे त्यांना माहीत असतं. वाट राखण्याची मजुरी आणि सायकलदुरुस्तीचं काम गावातल्याच पोरांना मिळायला हवं. दल्ली-राजहऱ्यात खाणमजुरांनी 1983 मध्ये स्वतःच्या बळावर शहीद हॉस्पिटल उभं केलं. अशा लोकांना नुसतं ‘सहभागी’ करून घेऊन भागणार नाही, निर्णयात त्यांचा शब्द चालला पाहिजे.

‘आधी एखादी मोठी स्पर्धा भरवू, नाव होईल, मग वाटा होतीलच,’ असं मला अनेकदा ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. स्पर्धा दोन दिवसांची असते, ती बाहेरच्या खेळाडूंची असते, आणि मांडव उतरला की मागे उरतो तोच निनावी लाल रस्ता. माउंटन बायकिंग 1996 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिथवर पोचणारी मुलगी भिलाईतून निघावी असं मलाही वाटतं. पण ती निघेल ती शंभर मुली हिरव्या वाटेवर निर्धास्त फिरल्या तर. पहिल्याच उतारावर हाड मोडून घरी बसलेल्या मुलींतून ती कशी निघणार? आणि सगळ्यांनाच खेळाडू व्हायचं नसतं. माझ्याबरोबर येणाऱ्या आयांपैकी बहुतेकींना झाडांमधून तासभर सायकल चालवायची असते, एवढंच. त्यांच्यासाठी वाट असणं हे मला स्पर्धेपेक्षा मोठं काम वाटतं.

काम कधी करायचं हेही मातीच ठरवते. सप्टेंबर सरताना भाठ्याची जमीन आतून ओली असते, कुदळ सहज लागते. डिसेंबरात तीच दगडासारखी होते. तेव्हा आखणी उन्हाळ्याआधी व्हावी, वनखात्याच्या आणि कारखान्याच्या परवानग्या पावसाळ्यात निघाव्यात, पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठून वाहतं ते जागेवर उभं राहून पाहून रेघ दुरुस्त करावी आणि दसऱ्याच्या आसपास खोदकाम सुरू व्हावं. नंदिनीला तीन किलोमीटरचा एक हिरवा फेरा, तोंडाशी मराठी माणसालाही वाचता येईल असा हिंदी-छत्तीसगडी फलक, त्यावर रुंदी, उतार आणि सगळ्यात जवळच्या दवाखान्याचा नंबर. पहिल्या वर्षी एवढं झालं तरी दुसऱ्या वर्षी निळी वाट मागायला मी दल्लीला जाईन.