धडधाकट लॅपटॉप आणि लिनक्सची निवड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार काढून घेतला आणि घराघरांतून, शाळाशाळांतून चालू असलेले असंख्य लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. त्यांच्या पडद्याला तडा गेला नव्हता, की कळफलक झिजला नव्हता. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. इंटेलचे २०१७च्या मध्यापूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. सुरक्षेसाठी कंपनीने वर्षभराची वाढीव सोय जाहीर केली खरी, पण मुदत ही कधीतरी संपण्यासाठीच असते. यंत्र धडधाकट आहे, केवळ नव्या प्रणालीच्या दारात त्याला प्रवेश नाही, अशी ही चमत्कारिक अवस्था होय.

मासिक वेतनावर संसार चालविणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने अशा वेळी नव्या यंत्राचा खर्च करावयाचा, की सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना जुन्यावरच बँकेचे व्यवहार करीत राहावयाचे? या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे, तो लिनक्सचा. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा लिहून सर्वांना खुला केला. त्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी उपयुक्त कार्यक्रमांची जुळणी करून जे संच सिद्ध केले, त्यांना ‘डिस्ट्रो’ म्हणतात. असे संच शेकड्यांनी आहेत आणि नवख्याची पहिली अडचण नेमकी हीच आहे. जेथे एकच वस्तू मिळते तेथे तक्रार करता येते. जेथे शंभर मिळतात तेथे निवड करावी लागते.

या निवडीत एक सल्ला सर्रास दिला जातो : यंत्र जुने असेल तर सर्वांत हलकी डिस्ट्रो घ्यावी. हा सल्ला अर्धसत्य आहे. ‘पपी’ किंवा ‘अँटीएक्स’ अल्प सामग्रीवर चालतात हे निर्विवाद. परंतु त्या वापरणाऱ्याकडून बऱ्याच जाणतेपणाची अपेक्षा करतात. शिवाय आजच्या लॅपटॉपवरील खरे ओझे प्रणालीचे नसून ब्राउझरचे असते. प्रणालीने दोन-तीनशे मेगाबाइट वाचविले, तरी चार संकेतस्थळे उघडताच ती बचत वाहून जाते. त्या बचतीपायी नवख्याची सोय गमावणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे. उलटपक्षी, ‘आर्च’सारखी डिस्ट्रो संगणकाचे अंतरंग शिकू इच्छिणाऱ्यास योग्य, संध्याकाळपर्यंत गुणपत्रके धाडावयाची आहेत त्यास नव्हे.

तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावे, हाच न्याय येथेही लावावा. चार गिगाबाइट रॅम असलेल्या यंत्रासाठी ‘लिनक्स मिंट’ची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती ही नवख्याची पहिली पसंती असावी. खाली पट्टी, डावीकडे मेनू, अशी तिची मांडणी विंडोजच्या सवयीला धक्का देत नाही. प्रणाली बिघडल्यास ती पूर्वस्थितीत आणण्याची सोय तिच्यातच आहे. आणि तिच्या २२व्या मालिकेला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. रॅम आठ गिगाबाइट असल्यास त्याच मिंटची ‘सिनॅमन’ आवृत्ती घ्यावी. दोन-तीन गिगाबाइटवर ‘लुबुंटू’ चालेल, पण चमत्काराची अपेक्षा धरू नये. ३२ बिटांच्या यंत्रांची कथा मात्र निराळी आहे : ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’नेही त्यांच्यावर प्रणाली बसविण्याची सोय बंद केली. तेथे श्रम न दवडणेच बरे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसविली, तर कोणत्याही डिस्ट्रोच्या निवडीहून अधिक वेग हाती येतो, हेही ध्यानात ठेवावे.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्सवर सुखेनैव चालतात. परंतु जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या प्रश्नपत्रिका व परिपत्रके त्या फाँटांविना अगम्य चिन्हांच्या रांगा होऊन बसतात. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. डिजिटल स्वाक्षरीचे साधन, कार्यालयाचा विशिष्ट कार्यक्रम, छपाईयंत्र, यांचीही खातरजमा आधीच हवी. एखादा अत्यावश्यक कार्यक्रम केवळ विंडोजवरच चालत असेल, तर लिनक्सचा हट्ट धरू नये. ही परीक्षा करण्यास खर्च लागत नाही. पेन ड्राइव्हवर डिस्ट्रो उतरवून, हार्ड डिस्कला स्पर्शही न करता, ती चालवून पाहता येते. सर्व जमले, तरच आपल्या फाइलींची दुसरीकडे प्रत ठेवून ती कायमची बसवावी.

‘अडल्यास विचारावयाचे कोणाला?’ हा आक्षेप मात्र सर्वांत वजनदार आहे. त्याचे उत्तर केरळने दिले आहे. २००१मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून त्या राज्याने पुढे आपल्या शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर आणले. पण त्याबरोबरच शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि सर्वत्र एकच संच ठेवला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली सिद्ध केली. परंतु तिचे नाव तरी किती शिक्षकांच्या कानांवर आले असेल? प्रणाली तयार करणे एक आणि तिच्या वापरणाऱ्यांचा समाज घडविणे दुसरे.

म्हणून एखाद्या शाळेने वा कार्यालयाने प्रत्येकास आपापली डिस्ट्रो धुंडाळावयास लावू नये. एक निवडावी, दोघा-तिघांनी ती नीट शिकून घ्यावी आणि निदान काही वर्षे तिला चिकटून राहावे. नवख्यासाठी उत्तम डिस्ट्रो कोणती, याचे उत्तर गुणवैशिष्ट्यांच्या तक्त्यात अर्धेच सापडते. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला जी येते, ती निम्म्याहून अधिक अडचणी आधीच सोडविते.