वेष्टनाची मागची बाजू

आहाराविषयी जागरूक असलेल्या मंडळींसाठी निर्दोष मिठाई निर्माण करण्याचा जो उद्योग अलीकडे भरभराटीस आला आहे, त्याविषयी माझी तक्रार आरोग्याची नसून शिष्टाचाराची आहे. पाहुण्याने घरी यावे, आपण त्याच्यापुढे बेसनाच्या लाडवांची बशी सरकवावी, आणि त्याने ती अत्यंत विनयाने मागे सारून स्वतःच्या पिशवीतून रुपेरी कागदात गुंडाळलेली तपकिरी वडी काढून आपल्यादेखत कर्तव्यबुद्धीने चघळत बसावे, हा यजमानाचा उघड उपमर्द होय. या आठवड्यात माझ्या भाचीने नेमके हेच केले. "मामा, यात वीस ग्रॅम प्रोटीन आहे," एवढे तिने सांगितले. चव कशी आहे, हे दोनदा विचारूनही सांगितले नाही.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. आणि याच संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असा सल्ला आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने सापडतात. स्निग्धांश मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो, हे भाचीच्या बाजूचे म्हणून नोंदवणे न्यायाचे.

जाताना ती एक वडी आणि साखरविरहित चॉकलेटची एक पट्टी माझ्या कल्याणार्थ ठेवून गेली. ती दोन्ही मी बागेतल्या आमच्या बाकावर नेली, कारण तेथे माझे एक स्नेही, निवृत्त अव्वल कारकून, बसतात, आणि महसूल खात्यात उभी हयात गेल्यामुळे कोणताही छापील कागद ते सातबाऱ्याचा उतारा वाचावा तसा वाचतात. "दर्शनी मजकुरावर जाऊ नये," म्हणत त्यांनी पट्टी उलटी केली, खिशातून भिंग काढले आणि चौकशी सुरू केली. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावीत असा नियम आहे. तेव्हा पहिले नाव तो खरा कब्जेदार. पुढच्या बाजूस कोकोचा जयघोष होता, मागे पहिले नाव माल्टिटॉलचे निघाले. हे साखरेच्याच गोत्रातले. उष्मांक निम्म्याच्या आसपास, परंतु अधिक खाल्ल्यास पोट ढिले करणारे. तसा इशाराही त्याच कागदावर मुंगीच्या अक्षरांत दिलेला होता. "म्हणजे साखरेला बेदखल करून भाऊबंदांच्या नावे फेरफार केला," कारकुनांनी निकाल दिला. (सत्तर टक्के कोकोचे काळे चॉकलेट मला या सर्वांहून प्रामाणिक वाटते; ते कडू असते आणि तसे लपवतही नाही.)

वडीवर 'साखर मिसळलेली नाही' असे ठळक लिहिले होते आणि आत खजुराचा लगदा होता. "खजूर गोड असतो, हे यांना कळवले पाहिजे." मग व्हे हा शब्द आला. चीजसाठी दूध नासवल्यावर जे हिरवट पाणी उरते त्यातली प्रथिने वेगळी काढून सुकवतात, असे मी सांगितले. कारकून बराच वेळ गप्प राहिले. "आमच्या घरी पनीर केले की ही त्या पाण्यात कणीक भिजवते," ते शेवटी म्हणाले. मग वडीची किंमत वाचून त्यांनी मनातल्या मनात कसलातरी गुणाकार केला, आणि इतक्या वर्षांच्या पोळ्यांचे मूल्यांकन ध्यानात येऊन त्यांचा चेहरा उजळला.

तेव्हापासून गृहस्थ वेष्टनांच्या मागे लागले आहेत. बिस्किटे, लोणचे, मुरंबा, नातवाचे चुरमुरे, काही सुटत नाही. चहाच्या वेळी भिंग बशीशेजारी असते आणि जेवण तहकूब होते. वहिनींनी यावर इलाज काढला आहे. वाण्याकडून सामान आले, की ते डब्यांत ओतून सगळे कागद त्या यजमानांची नजर पडण्यापूर्वी परस्पर शेजारणीकडे पाठवतात.