थंड देशातला आजार म्हणून सोडून देऊ नका

पंचविशीतली मुलगी. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागते, डोळा हलवला की दुखतो. चष्मा बदलून होतो, थेंब टाकून होतात आणि महिना-दीड महिन्यात नजर बरीचशी परत येते. श्रेय थेंबांना जाते, क्वचित अंगाऱ्याला. दोन वर्षांनी पायांत मुंग्या येऊ लागतात, चालताना तोल जातो, तेव्हा त्या डोळ्याची कोणालाच आठवण नसते. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एम. एस., बरेचदा असाच येतो. विजेच्या तारेवर वेष्टन असावे तसे मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. शरीराची संरक्षक यंत्रणाच ते कुरतडू लागते आणि संदेश अडखळतात.

'हा तर गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे कुठला?' असे शिकलेली माणसेही म्हणतात. त्यात अर्धेच तथ्य आहे. विषुववृत्तापासून दूर जावे तसे रुग्ण वाढतात, हे खरे. कमी ऊन आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. पण मुंबईच्या डॉ. नोशिर वाडिया यांनी 1990 मध्ये डॉ. भाटियांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पारशी समाजात हा आजार इतर भारतीयांपेक्षा कितीतरी अधिक आढळला. ऊन तेच, शहर तेच! म्हणजे रक्तातून आलेलेही काही असते.

मात्र रक्त म्हणजे सर्व काही नव्हे, आणि हे मी मुद्दाम सांगतो. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला एम. एस. झाला तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण चारात एक. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन, म्हणजे सत्त्याण्णव जणांना काहीच होत नाही. तरीही घरात असा रुग्ण असल्याचे कळताच धाकट्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडायची, हा शुद्ध अडाणीपणा आहे. अशाने लोक आजार लपवतात आणि उपचाराची उमेदीची वर्षे वाया जातात.

2022 मध्ये एक मोठा दुवा हाती आला. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक जवानांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की, एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर एम. एस. चा धोका 32 पटींनी वाढतो. वाचकांनी घाबरू नये. हा विषाणू जगातल्या बहुतेक सर्व प्रौढांच्या शरीरात असतो, तुमच्या-माझ्याही. आपल्याकडे तो लहानपणीच, कोणाच्या लक्षातही न येता येऊन जातो. एकटा विषाणू पुरत नाही, त्याला इतर गोष्टींची जोड लागते. स्त्री असणे ही त्यातली एक. स्त्रियांत हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. त्यावर इलाज नाही. किशोरवयातील लठ्ठपणा आणि धूम्रपान मात्र आपल्या हातातले आहेत. विडी-सिगारेटने हा धोका सुमारे दीडपट होतो, शिवाय झालेला आजार लवकर बळावतो. (खर्रावाल्यांनी 'आम्ही धूर कुठे काढतो' म्हणून खूश होऊ नये. त्यांच्यासाठी तोंडाचा कर्करोग टपलेला आहेच.)

धोका असणे म्हणजे आजार असणे नव्हे, तसेच धोका नसणे म्हणजे अभय नव्हे. म्हणून विशी ते चाळिशीच्या माणसाची नजर, तोल, हातापायांची ताकद किंवा लघवीवरचा ताबा दिवसाहून अधिक काळ बिघडला, तर तो आपोआप सुधारला तरी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे, एम. आर. आय. टाळू नये. पूर्ण बरे करणारे औषध नाही. पण झटके कमी करणारी औषधे आज आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके बरे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचे नाव आहे, त्यामुळे अपंगत्व आलेल्यांना प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णांसाठी आणखी एक. मे महिन्याच्या उन्हात किंवा तापात जुनी लक्षणे पुन्हा डोके वर काढतात. प्रत्येक वेळी तो नवा झटका नसतो. अंग तापल्याने आधीच उघडा पडलेला तंतू संदेश नेईनासा होतो. सावलीत बसावे, गार पाण्याने अंग पुसावे. तासाभरात उतार पडला तर ठीक, दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर डॉक्टरांकडे जावे.