पाकीट परत केलंत, पण बाकीचे पैसे कुठे आहेत?

‘रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा, दागिन्यांची बॅग केली परत.’ ही बातमी तुम्ही वाचली आहे. शहराचं नाव बदलतं, दागिन्यांच्या जागी कधी लॅपटॉप येतो, कधी पासपोर्ट. सोबतचा फोटोही ठरलेला असतो. मध्ये पोलीस निरीक्षक, एका बाजूला गुलाबाचं फूल हातात धरलेले रिक्षावाले काका, दुसऱ्या बाजूला बॅगेची मालकीण. इंटर्न म्हणून अशा चार-पाच बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. शंभर-सव्वाशे शब्द, पानाच्या तळाला, काम झालं.

लिहिताना एक गोष्ट खटकायला लागली. डॉक्टरांनी किंवा बँक मॅनेजरनी पाकीट परत केलं तर आपण बातमी करत नाही. रिक्षावाले, सफाई कर्मचारी, हमाल, वॉचमन यांनी केलं की करतो. म्हणजे कौतुकाच्या आत ‘अरे, यांनी परत केलं?’ असं आश्चर्य दडलेलं असतं. आणि ज्याच्या प्रामाणिकपणाचं आपल्याला आश्चर्य वाटतं, त्याच्यावर संशय घ्यायला आपल्याला किती वेळ लागेल?

या फोटोची दुसरी आवृत्ती छापून येत नाही. तीत काका बॅग घेऊन जातात, मालक बॅग उघडतो, आत हात घालतो आणि म्हणतो, ‘यात अजून वीस हजार होते.’

आता तुम्ही स्वतःला तिथे उभं करून बघा. तुमच्याकडे काय पुरावा आहे? पैसे नव्हतेच, हे सिद्ध कसं करणार? एखादी गोष्ट होती याचा पुरावा देता येतो. नव्हती याचा कुठून आणायचा? त्यात समोरचा माणूस खोटारडाच असेल असंही नाही, आणि मला वाटतं खरी गोची इथेच आहे. बऱ्याचदा तो मनापासून बोलत असतो. सकाळी एटीएममधून पैसे काढले होते हे त्याला पक्कं आठवतं, दुपारी त्यातले कुणाला तरी दिले हे आठवत नाही. किंवा पैसे खरंच होते, पण पाकीट तुमच्या हातात येण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं. पाकीटमार रोकड काढून घेतो आणि आधार कार्ड, लायसन्स, एटीएम कार्डासकट रिकामं पाकीट पहिल्या दिसेल त्या कोपऱ्यात टाकतो. ते घेऊन त्याला करायचंय काय? मग ते तुम्हाला दिसतं, तुम्ही उचलता, आतल्या चिठ्ठीवरचा नंबर शोधून फोन करता. पैसे घेणारा केव्हाच गायब, आणि मालकाला भेटलेला एकमेव माणूस तुम्ही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त इथे संन्यासी स्वतःच्या पायांनी, रिक्षाचं भाडं खर्चून आलेला असतो.

ही भानगड आजची नाही. बाराव्या शतकात स्पेनमध्ये पेत्रुस अल्फोन्सी नावाच्या लेखकाने ‘डिसिप्लिना क्लेरिकालिस’ हा बोधकथांचा संग्रह लिहिला. त्यातल्या एका गोष्टीत श्रीमंत माणसाची थैली हरवते. आत सोन्याची नाणी आणि एक सोन्याचा साप. शोधून देणाऱ्याला १०० नाणी बक्षीस, अशी दवंडी पिटली जाते. एका गरिबाला थैली सापडते, तो परत करतो. श्रीमंत माणूस थैली बघून म्हणतो, ‘यात दोन साप होते.’ बक्षीस वाचवायची युक्ती. प्रकरण एका तत्त्वज्ञापर्यंत जातं. त्याचा निवाडा असा, की तुझ्या थैलीत दोन साप होते आणि हिच्यात एकच आहे, म्हणजे ही थैली तुझी नाही. तुझी सापडेपर्यंत वाट बघ. ऐकायला मस्त वाटतं. पण आपल्या पोलीस ठाण्यात हा युक्तिवाद करून बघा म्हणजे कळेल.

आपल्या काळातलं या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण चीनमधलं. तिथे हरवलेलं पाकीट नव्हतं, पडलेलं माणूस होतं. पण तर्क तोच. २० नोव्हेंबर २००६ रोजी नानजिंग शहरातल्या बस स्टॉपवर एक वृद्ध महिला पडली. बसमधून उतरलेल्या एका तरुणाने तिला उचललं, तिच्या घरच्यांसोबत हॉस्पिटलमध्ये नेलं, वर २०० युआन दिले. नंतर महिलेने त्याच्यावरच दावा लावला, की यानेच मला धक्का दिला. सप्टेंबर २००७ मध्ये कोर्टाने त्याला नुकसानीच्या ४० टक्के, म्हणजे सुमारे ४५ हजार युआन भरायला सांगितले. धक्का दिल्याचा ठोस पुरावा नव्हता. कोर्टाने ‘रोजच्या जगण्यातला अनुभव’ पुढे केला. हा नुसताच मदत करणारा असता तर त्याने धक्का देणाऱ्याला पकडलं असतं, नातेवाईक आल्यावर निघून गेला असता. ज्याअर्थी तो हॉस्पिटलपर्यंत गेला आणि पैसे दिले, त्याअर्थी काहीतरी आहे. थोडक्यात, तू नाही केलंस तर मदत का केलीस?

ही गोष्ट फॉरवर्डमध्ये येते तेव्हा इथेच संपते. पुढचा भाग कुणी पाठवत नाही. अपिलात दोन्ही बाजूंनी गुपचूप तडजोड केली. २०१२ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, की धक्का लागला होता हे त्या तरुणाने नंतर मान्य केलं होतं. खरं काय ते त्या दोघांनाच माहीत. पण तोपर्यंत पाच वर्षं गेली होती आणि ‘मदत करू नका, अंगाशी येईल’ हा धडा देशभर पाठ झाला होता. २०११ मध्ये फोशान शहरात गाडीखाली आलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या बाजूने १८ जण निघून गेले. ते सीसीटीव्ही फुटेज जगभर फिरलं, आणि चर्चेत पुन्हा नानजिंगचं नाव निघालं. शेवटी २०१७ मध्ये चीनने कायद्यात स्पष्ट कलम घातलं, की स्वेच्छेने मदत करणाऱ्याच्या हातून नुकसान झालं तरी त्याची जबाबदारी त्याच्यावर नाही.

आपल्याकडे काय आहे? रस्ते अपघातापुरतं संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला हॉस्पिटलमध्ये नेणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, पोलिसांचा ससेमिरा नाही. पण तुम्ही जखमीच्या ऐवजी त्याची बॅग उचललीत, तर हे कलम तुमच्या कामाचं नाही.

बॅगेसाठी दोन जुने कायदे आहेत, आणि वाचायला ते खरंच भारी आहेत. पहिला १८७२ चा करार कायदा. त्याच्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू तुम्ही ताब्यात घेतलीत की ती जपायची जबाबदारी तुमची, अगदी कुणी विश्वासाने ठेवायला दिल्यासारखी. कलम १६८ म्हणतं, की मालक शोधायला केलेल्या खर्चासाठी तुम्ही दावा लावू शकत नाही, पण खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकता. आणि मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी कोर्टातही जाऊ शकता. (करून बघू नका. कायदा तुमच्या बाजूने असेलही, पण व्हायरल होणारा व्हिडिओ नसेल.)

दुसरा फौजदारी. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ४०३, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. त्यातली उदाहरणं छान आहेत. रस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, तुम्ही उचलला, तर गुन्हा नाही. पत्रात नोट सापडली, पत्त्यावरून मालक कळला आणि तरी नोट खिशात घातलीत, तर गुन्हा. किमती अंगठी सापडली आणि मालक शोधायचा प्रयत्न न करता लगेच विकलीत, तरीही गुन्हा. जपून ठेवण्यासाठी किंवा मालकाला परत करण्यासाठी वस्तू उचलणारा गुन्हेगार नाही, हेही तिथे स्वच्छ लिहिलंय. पण एक बदल फारसा बोलला गेला नाही. जुन्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नुसत्या दंडावरही सुटका होऊ शकत होती. नव्या कलमात किमान सहा महिने कैद आहे, शिवाय दंड. म्हणजे ‘परत करायलाच घेतलं होतं’ हे पटवण्यावर आता पूर्वीपेक्षा जास्त काही अवलंबून आहे.

खोटा आरोप करणाऱ्याविरुद्ध कलमं आहेतच. पोलिसांना खोटी माहिती देणं, खोटा गुन्हा दाखल करणं, बदनामी. पण खोट्या तक्रारीच्या कलमांसाठी समोरच्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं हे दाखवावं लागतं. ‘मला वाटलं वीस हजार होते’ असं म्हणणाऱ्याचं काय वाकडं करणार?

हा आरोप सगळ्यांवर सारखा होत नाही, हेही बोलायला हवं. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालून इंग्रजीत बोलणाऱ्या मुलीने पाकीट परत केलं तर ‘थँक यू सो मच’. घरकाम करणाऱ्या मावशींना सोफ्यामागे अंगठी सापडली, त्यांनी आणून दिली, तर ‘इतके दिवस कुठे होती?’ हा प्रश्न त्यांना विचारला जातो. अंगठी सोफ्यामागे कुणी पाडली, हे कुणी विचारत नाही. मावशींचं एक काम जातं, मग सोसायटीत बोभाटा होऊन आणखी तीन जातात. आणि पोलीस ठाण्यापर्यंत काहीच गेलेलं नसल्यामुळे निर्दोष सुटायचीसुद्धा सोय नाही.

आता तुमच्या-माझ्या फोनकडे या, कारण आपल्या वयाच्या लोकांना पाकिटापेक्षा इथे जास्त धोका आहे. रस्त्यात फोन सापडला आणि मालक शोधावा म्हणून तुम्ही त्यात स्वतःचं सिम घातलंत, तर थांबा. मे २०२३ पासून ‘संचार साथी’ पोर्टलवर हरवलेला फोन देशभर ब्लॉक करता येतो. तशा फोनमध्ये कुणी सिम टाकलं की त्या नंबरचा माग पोलिसांपर्यंत पोचतो. मशीनला तुमचा हेतू कळत नाही, नंबर कळतो. त्यापेक्षा फोन चार्ज करून ठेवा. घरून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच.

आणि यूपीआय. ‘दादा, चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, प्लीज या नंबरवर परत पाठवा.’ कधी पैसे आलेलेच नसतात, नुसता बनावट मेसेज असतो. कधी मात्र खरंच आलेले असतात, आणि ते प्रकरण जास्त वाईट. ते पैसे तिसऱ्याच फसवलेल्या माणसाचे असू शकतात. तुम्ही चांगुलपणाने दिलेल्या नंबरवर पाठवता, तो नंबर ठगाचा. फसलेला माणूस १९३० वर तक्रार करतो आणि पैसे जिथे गेले ते पहिलं खातं तुमचं निघतं. खातं गोठतं. फी भरायची असते, रूमचं भाडं द्यायचं असतं, आणि तपास करणारे पोलीस भलत्याच राज्यातले असतात. संशयित रकमेपुरतंच खातं रोखा, सगळं नको, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना बजावलं होतं. पण त्या आदेशापर्यंत पोचायलाही वकील लागतो. म्हणून असा फोन आला तर पैशाला हात लावू नका. आपल्या बँकेला लेखी कळवा, आलेली रक्कम आल्या वाटेनेच परत करायला सांगा आणि त्या मेलची प्रत जपून ठेवा.

एवढं सगळं वाचून ‘जाऊ दे, दिसलं तरी उचलायचं नाही’ असं वाटलं असेल, तर एक आकडा. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७ हजारांहून जास्त पाकिटं हॉटेल, बँका, सरकारी कार्यालयं अशा ठिकाणच्या काउंटरवर ‘हे सापडलं’ म्हणून दिली आणि किती लोक मालकाशी संपर्क साधतात ते पाहिलं. भारतही त्यात होता. बिनपैशाच्या पाकिटांसाठी सुमारे ४० टक्के लोकांनी संपर्क साधला, पैसे असलेल्यांसाठी सुमारे ५१ टक्के. पैसे जास्त, तर प्रामाणिकपणाही जास्त. अर्थतज्ज्ञांना विचारलं होतं, त्यांचाही अंदाज चुकला.

माणसं परत करायला तयार आहेत. परत घ्यायची जागा धड नाही. जपानमध्ये सापडलेली वस्तू घेऊन तुम्ही चौकीत जाता, पोलीस काय आहे, किती आहे ते समोर मोजून लिहितात आणि तुम्हाला पावती देतात. मालक आला तर ५ ते २० टक्के मोबदला मागायचा तुमचा हक्क. तीन महिन्यांत कुणी आलंच नाही, तर वस्तू तुमची. फोन आणि ओळखपत्रं मात्र नाही, कारण त्यात दुसऱ्याची खासगी माहिती असते. यात बक्षिसापेक्षा मला पावती महत्त्वाची वाटते. तुम्ही दिलंत तेव्हा आत काय होतं याचा दोघांच्याही हातात कागद असतो. नंतर दोन साप कुणी काढू शकत नाही.

आपल्याकडे ती पावती तुम्हालाच तयार करावी लागते. पाकीट उघडायच्या आधी शेजारच्या कुणाला तरी थांबवा, फोनवर व्हिडिओ सुरू ठेवून त्याच्यासमोर उघडा. मालकाला एकट्याने भेटू नका, घरी तर जाऊच नका. स्टेशनवर सापडलं असेल तर स्टेशन मास्तर किंवा रेल्वे सुरक्षा दल, बाहेर असेल तर जवळचं पोलीस ठाणं. तिथे ‘ठेवा इथे, बघतो आम्ही’ असं उत्तर मिळेल. हसून म्हणा, ‘नोंद करून घ्या ना, साहेब.’ ‘कशाला उगाच?’ असं विचारतील. तरी म्हणा. दोन कागद, तारीख, वेळ, आत काय काय होतं त्याची यादी, सही आणि शिक्का. तुमची अर्ध्या तासाची लोकल चुकेल.